डिचोलीचे जुने बिशपघर आणि त्यातील रहिवासी

वेण्णा नदीच्या काठचे मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. येथपासून खाली सांगलीपर्यंतचा सर्व मुलूख ख्रिस्तसभेच्या नकाशावर पुणे धर्मप्रांतात मोडतो. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला व येशूसंघीय बिशप बर्नार्ड बायडरलिंडेन हे त्याचे पहिले बिशप होते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या वाचनात आलेले असते. मात्र या धर्मप्रांताचे मूळ शोधीत मागे जाऊ लागलो की वाट पुण्यातही थांबत नाही आणि मुंबईतही थांबत नाही. ती सह्याद्री उतरून गोव्यातील डिचोली या गावी जाते. सतराव्या शतकात तेथे एका बिशपांचे निवासस्थान होते. ते घर आज नाही. परंतु ज्या अधिकारक्षेत्रातून पुढे मुंबई व पुणे हे धर्मप्रांत निघाले, त्याचा कारभार प्रथम त्या घरातून चालला. म्हणून त्या घराची व तेथे राहिलेल्या माणसांची हकीकत येथे देत आहोत.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. ‘व्हिकर’ हा शब्द लॅटिनमधील असून त्याचा अर्थ दुसऱ्याच्या जागी कारभार पाहणारा असा होतो. आपल्या धर्मग्रामाचे व्हिकर बिशपांच्या वतीने सेवा करतात. ‘व्हिकर अपोस्टोलिक’ हे मात्र बिशपच असतात. जेथे रीतसर धर्मप्रांत स्थापन झालेला नाही, अशा प्रदेशात ते थेट पोपमहोदयांच्या वतीने कारभार पाहतात आणि त्यांच्या प्रदेशाला व्हिकरिएट म्हणतात. १६३७ साली रोमने असे एक व्हिकरिएट आदिलशाही राज्यासाठी निर्माण केले. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘इदालकान’ असे येते. आदिलखान या नावाचा पोर्तुगीज जिभेवर झालेला हा अवतार होय.

त्या काळी जावळीचे खोरे चंद्रराव मोऱ्यांकडे होते आणि मोरे हे विजापूरचे मांडलिक. वाईचा सुभाही विजापूरचाच. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ साली. म्हणजे स्वराज्यात येण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे मेढ्याचा परिसर ख्रिस्तसभेच्या हिशेबात एका बिशपांच्या अधिकारक्षेत्रात होता. त्या बिशपांचे नाव मातेउस द कास्त्रो. लॅटिन विधीतील ते पहिले भारतीय बिशप.

दिवाडीचा मुलगा

मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्याच्या दिवाडी बेटावरील नावेली गावी एका ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात झाला. बारदेशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू होण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली, तेव्हा गोव्यात त्यांना दीक्षा नाकारण्यात आली.

हा नकार समजून घ्यावयाचा तर ‘पाद्रोआदो’ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. पोर्तुगालच्या राजाला पोपमहोदयांनी पूर्वेकडील ख्रिस्तसभेचा आश्रयदाता नेमले होते. देवालये बांधणे, धर्मगुरूंचा खर्च चालविणे ही राजाची जबाबदारी, तर बिशपांची नावे सुचविणे हा राजाचा हक्क. या व्यवस्थेने गोव्यात भव्य देवालये उभी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिने धर्मसेवेत यजमान आणि चाकर अशी विभागणीही केली. स्थानिकांपैकी ज्यांना गुरुदीक्षा मिळे, ते बहुधा गोऱ्या धर्मगुरूंच्या हाताखालचे साहाय्यक म्हणूनच राहत. धर्मसंघांचे दरवाजे त्यांना जवळजवळ बंदच होते.

मातेउस यांनी याविरुद्ध गोव्यात अर्जविनंत्या करीत आयुष्य घालविले नाही. ते खुष्कीच्या मार्गाने निघाले आणि १६२५ साली रोमला पोहोचले. तेथे त्यांना योग्य वेळी योग्य माणूस भेटला. १६२२ साली पोपमहोदयांनी धर्मप्रसारासाठी ‘प्रोपगांडा फिदे’ हे मंडळ स्थापन केले होते आणि त्याचे पहिले सचिव होते फ्रान्चेस्को इंगोली. राजेलोकांच्या आश्रयाने चाललेले मिशनकार्य राजांच्या सोयीने चालते, त्या त्या देशातले धर्मगुरू तयार झाल्याशिवाय ख्रिस्तसभा तेथे मूळ धरणार नाही, असे इंगोलींचे ठाम मत होते. दिवाडीचा हा तरुण त्यांच्या मताचा जिवंत पुरावा ठरला. मातेउस यांनी रोममध्ये अध्ययन पूर्ण केले, १६३० च्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली व ते मिशनरी म्हणून मायदेशी परतले. गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांच्या अधिकारपत्रांवर शंका घेतली. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ साली त्यांचा बिशप म्हणून अभिषेक करण्यात आला. त्यांना क्रिसोपोलिस हे नामधारी पीठ आणि आदिलशाही राज्याचे व्हिकरिएट देण्यात आले.

नदीच्या पलीकडचे घर

बिशप होऊन परतलेल्या मातेउस यांना पोर्तुगीज गोव्यात स्थान नव्हते. राजाच्या संमतीवाचून आलेला बिशप हा तेथील अधिकाऱ्यांच्या दृष्टीने बिशपच नव्हे. त्यांनी आदिलशहाच्या राज्याचा आसरा घेतला आणि डिचोली येथे बस्तान बसविले.

ही जागा नकाशावर पाहण्यासारखी आहे. दिवाडी बेटाच्या उत्तरेस मांडवी नदी. ती ओलांडली की नार्वे, आणि तेथून पुढे डिचोली. त्या काळी हीच नदी दोन राज्यांची सीमा होती. ज्या बेटावर मातेउस जन्मले ते पोर्तुगिजांच्या ताब्यात, आणि ते जेथे राहिले तो काठ आदिलशहाचा. स्वतःच्या घरापासून होडीच्या एका फेरीवर ते परक्या राज्यात, परंतु स्वतःच्या अधिकारक्षेत्रात राहत होते. योगायोग असा की दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देवस्थान पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडल्यावर त्याच्या भक्तांनीही हीच नदी ओलांडून नार्वे येथे आश्रय घेतला होता. शिवाजी महाराजांनी १६६८ साली ज्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला ते हेच. एकाच बेटावरून, शंभर वर्षांच्या आत, एक देव आणि एक बिशप असे दोघेही एकाच काठावर आले. इतिहास वाचताना ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते.

डिचोलीचे घर हे केवळ निवासस्थान नव्हते. तेथून एका विस्तीर्ण प्रदेशाचा कारभार पाहिला जाई. रोमशी पत्रव्यवहार तेथूनच होई. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे गुरुदीक्षा दिली जाई. गोव्यात ज्यांना नकार मिळाला असे उमेदवार नदी ओलांडून डिचोलीस येत आणि धर्मगुरू होऊन परत जात. गोव्याच्या अधिकाऱ्यांचा खरा रोष या गोष्टीवर होता. या धर्मगुरूंना पुरेसे लॅटिन येत नाही, त्यांची दीक्षा नियमबाह्य आहे, असे आक्षेप घेण्यात आले आणि पोर्तुगीज हद्दीत त्यांना सेवा करण्यास अटकाव झाला. आक्षेपांत मुळीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. घाईने दिलेल्या दीक्षा त्यांत असू शकतील. परंतु ज्या मुलांना शिकण्याची वाटच नीट खुली नाही, त्यांना लॅटिन येत नाही म्हणून दोष देणे हे न्यायाचे नव्हते.

बिशप मातेउस स्वस्थ बसणारे गृहस्थ नव्हते. १६४० नंतरच्या दशकात ते पुन्हा रोमला गेले. इथिओपियातील कार्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविण्यात आली, पण ती सिद्धीस गेली नाही. ते डिचोलीला परतले. दरम्यान १६४९ साली इंगोली निवर्तले होते आणि रोममधील त्यांचा भक्कम आधार गेला होता. यानंतरची वर्षे कटुतेची आहेत. १६५३ साली त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या पोर्तुगीज शीर्षकाचे एक पत्रक लिहिले. त्यात गोव्यातील स्वजनांना पोर्तुगिजांच्या अन्यायाची जाणीव करून देऊन उठण्याचे आवाहन होते. १६५४ साली विजापूरच्या फौजा बारदेश व सासष्टीत शिरल्या, तेव्हा त्यामागे डिचोलीच्या बिशपांची चिथावणी असल्याचा आरोप झाला. वेंगुर्ल्यास डच लोकांची वखार होती. त्यांच्याशीही बिशपांचे संधान असल्याचे म्हटले गेले. डच हे पोर्तुगिजांचे शत्रू आणि वर प्रोटेस्टंट. एका कॅथलिक बिशपाने त्यांच्याकडे मदतीसाठी पाहावे, ही गोष्ट त्या काळी किती धक्कादायक होती याची कल्पना वाचकांनी करावी. १६५८ साली ते पुन्हा रोमला गेले. त्यानंतर ते डिचोलीच्या घरी परतले नाहीत. रोममध्येच १६७७ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. बिशप मातेउस यांनी वर्णभेद सोसला आणि त्याविरुद्ध ते आयुष्यभर झगडले. परंतु त्यांचा लढा मुख्यतः ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूंसाठी होता. त्यांच्या पत्रकाचे शीर्षकच ते सांगते. पुढे गोव्यातील भारतीय धर्मगुरूंचा जो ओरेटोरियन संघ उभा राहिला, त्यातही दीर्घकाळ ब्राह्मणांनाच प्रवेश होता. पुणे व नाशिक धर्मप्रांतांतील अनेक श्रद्धावंत घराणी ज्या समाजांतून ख्रिस्ताकडे आली, त्यांच्या मुलांना डिचोलीच्या त्या घरात दीक्षेसाठी उभे केले गेले असते काय? आमच्या मते बहुधा नाही. पहिल्या भारतीय बिशपांविषयी आम्हांस आदर आहे. तो हे ध्यानात ठेवूनच आहे.

नंतरचे रहिवासी

मातेउस यांच्यानंतर आदिलशाहीच्या व्हिकरिएटची धुरा बिशप कुस्तोदियो द पिन्हो यांच्याकडे आली. तेही गोव्याचेच. विजापूरबरोबर गोवळकोंड्याचे राज्यही त्यांच्या अधिकारात होते. मातेउस यांचे पुतणे तोमास द कास्त्रो हे थिआटाइन संघाचे सदस्य. त्यांनाही बिशपपद मिळाले व त्यांच्याकडे दक्षिणेकडील कानडा किनारा होता. तेथे पाद्रोआदो व प्रोपगांडा यांचा तंटा पुन्हा उभा राहिला. १६८१ साली गोव्याच्या वतीने तेथे पाठविण्यात आलेल्या एका तरुण धर्मगुरूने मात्र या तंट्यात तेल ओतले नाही. बिशप तोमास यांचा मान राखून, लोकांचे संस्कार अडणार नाहीत अशी वाट त्यांनी काढली. हे धर्मगुरू म्हणजे श्रीलंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. एकाच अन्यायाला दोन भारतीय धर्मगुरूंनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. ख्रिस्तसभेने वेदीवर स्थान दिले ते दुसऱ्याला. पण पहिल्याने वाट पाडली नसती तर काय झाले असते, हाही प्रश्न उरतोच.

डिचोलीचे दिवस मात्र भरत आले होते. हे गाव मराठे, मोगल आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत सापडले. छत्रपती संभाजी महाराजांचा मुक्काम येथे असे. १६८४ च्या प्रारंभी मोगल शहाजादा शाहआलम याची फौज रामघाट उतरून आली आणि तिने डिचोलीतील वाडे व बागा उद्ध्वस्त केल्या. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाहीच संपली. ज्या राज्याच्या नावाने हे व्हिकरिएट होते ते राज्यच उरले नाही. बिशप कुस्तोदियो १६९७ साली वारले. त्यांच्यामागे ही जबाबदारी युरोपीय कार्मेलाइट संन्याशांकडे गेली व व्हिकरिएट ‘महान मोगल’ यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

१७२० साली मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरने पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि तेथील देवालये कार्मेलाइट व्हिकर अपोस्टोलिक मॉरिस यांच्या हवाली केली. तेव्हापासून या व्हिकरिएटचे ठाणे मुंबई झाले. १८५४ मध्ये मुंबई आणि पुणे अशी त्याची दोन व्हिकरिएटे करण्यात आली आणि १८८६ मध्ये दोहोंना रीतसर धर्मपीठांचा दर्जा मिळाला. पुणे धर्मप्रांतातून १९८७ साली नाशिक व २००५ साली सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत निर्माण झाले. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईतून वेगळा झाला.

या साऱ्या कालावधीत बिशपांच्या आसनावर कोण बसले, याकडेही पाहावे. कुस्तोदियो यांच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षे कार्मेलाइट, कॅपुचिन, येशूसंघीय असे युरोपीय बिशपच येत राहिले. त्यांतील अनेकांनी या भूमीत आपली हाडे झिजविली. पण पुण्याला पहिले भारतीय बिशप अँड्र्यू डिसोझा मिळाले ते १९४९ साली, आणि मुंबईला आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० साली.

डिचोलीत आज देवालय आहे ते कृपामातेचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तालुका पोर्तुगिजांच्या अमलाखाली आला, त्यानंतर तेथील कॅथलिक जीवनाची घडी नव्याने बसली. दिवाडी ते नार्वे ही फेरीबोट अजून चालते. गोव्याच्या यात्रेस जाणारे आपले बहुतेक श्रद्धावंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेचे दर्शन घेऊन परत फिरतात. तेथूनच दिवाडीलाही फेरीबोट सुटते. ती घेऊन बेट ओलांडावे, पलीकडच्या धक्क्यावरून दुसरी बोट धरून नार्व्याला उतरावे व डिचोलीपर्यंत जाऊन यावे. बिशप मातेउस यांना जी नदी उलट दिशेने बिशप म्हणून कधी मोकळेपणी ओलांडता आली नाही, ती पार करण्यास काही मिनिटे पुरतात.