लिनक्स बसवल्यावर डिस्प्ले न येणे

संगणकावर लिनक्स नव्याने बसवल्यानंतर स्क्रीन काळी राहणे, चित्र अपुऱ्या रिझोल्यूशनचे दिसणे, दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर न ओळखला जाणे, पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनवरच येणे, मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसणे, अशा बिघाडांचा हा गट. यांतल्या बहुतेक बिघाडांत यंत्र धड असते. प्रणाली आत नीट चालू असते, तिचे चित्र तेवढे मॉनिटरपर्यंत पोचत नसते. नवशिक्याला हे कुणी सांगितलेले नसते. ‘डिस्प्ले गेला’ असे समजून तो पुन्हा फॉरमॅट मारतो, त्याच पेनड्राइव्हवरून तीच प्रणाली बसवतो. तिच्याबरोबर तोच ड्रायव्हर येतो आणि स्क्रीन पुन्हा काळीच राहते. पुन्हा बसवणे हा या बिघाडावरचा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत कमी लागू पडणारा इलाज आहे.

पिंपरी-चिंचवड परिसरात ही अडचण प्रामुख्याने दोन ठिकाणी येते. पहिले ठिकाण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे लॅपटॉप. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी ६४ बिटचे मुक्तस्रोत लिनक्स किंवा त्यावरून तयार झालेली प्रणाली सुचवलेली असते. निगडीचे पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय, आकुर्डीचे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संलग्न संस्थांतल्या मुलांना त्यामुळे लिनक्सची सवय करावीच लागते. प्रयोगशाळेत यंत्र तयार मिळते. घरच्या किंवा हॉस्टेलवरच्या लॅपटॉपवर मात्र विंडोजशेजारी उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून ड्युअल बूट स्वतःच करायचे असते. दुसरे ठिकाण भोसरी, चिंचवड, चाकणच्या औद्योगिक वसाहतींमधली छोटी ऑफिसे. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, जी जुन्या यंत्रांत बहुधा नसते. चलने आणि बिले करणारा जुना डेस्कटॉप टाकून द्यायचा नसेल, तर लिनक्स हा सरळ पर्याय उरतो. दोन्हीकडचे दुखणे वेगळे असते. लॅपटॉपवर ते बहुधा ड्रायव्हरचे निघते, जुन्या डेस्कटॉपवर बहुधा केबलचे आणि मॉनिटरचे.

निदानाची सुरुवात एकाच प्रश्नाने करावी: चित्र नेमके कुठल्या टप्प्यावर गेले? बटण दाबल्यावर आधी फर्मवेअर जागे होते आणि कंपनीचा लोगो दिसतो. मग कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणारी ग्रबची यादी येते, तीत उबुंटू आणि विंडोज अशी नावे असतात. त्यानंतर प्रणालीचा गाभा असलेला कर्नल चढतो, तो ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर उठवतो, मग लॉगिनची स्क्रीन येते आणि शेवटी डेस्कटॉप. लोगोच दिसत नसेल तर दोष लिनक्सचा नाही. केबल, रॅम, मॉनिटर तपासावेत. लोगो आणि ग्रब दोन्ही दिसून पुढे अंधार होत असेल, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. पूर्वी स्क्रीनचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम एक्स सर्व्हर करत असे. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीचा हा भाग. २००९ साली आलेल्या कर्नल २.६.२९ पासून, आधी इंटेलच्या चिपसाठी, हे काम कर्नलने स्वतःकडे घेतले. म्हणूनच आज काळ्या स्क्रीनवरचा पहिला उपाय कर्नलला द्यायच्या सूचनेत असतो.

ती सूचना म्हणजे ‘नोमोडसेट’. ग्रबच्या यादीत उबुंटूच्या ओळीवर थांबून ‘ई’ ही कळ दाबली की काही ओळींचा मजकूर उघडतो. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी बहुधा ‘क्वाएट स्प्लॅश’ असे लिहिलेले असते. त्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टाइप करावा आणि एफ १० दाबावे. ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडले तर आणखी बरे, कारण मग कर्नलचे संदेश एकामागून एक स्क्रीनवर सरकतात आणि गाडी कुठे अडली ते दिसते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडेल ही भीती नको. विंडोज नसलेल्या संगणकावर ग्रबची यादी आपण होऊन दिसत नाही. सुरू होताना नव्या यंत्रावर एस्केप, जुन्या बायोसवाल्या यंत्रावर शिफ्ट दाबावी लागते.

नोमोडसेट दिल्यावर फर्मवेअरने आखून दिलेल्या चित्रचौकटीवरच काम चालते. स्क्रीन दिसते, पण रिझोल्यूशन बदलता येत नाही, व्हिडिओ अडखळतो, दुसरा मॉनिटर चालत नाही. इथेच पुष्कळ नवशिके थांबतात आणि ‘लिनक्स स्लो आहे’ असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष लिनक्सवर अन्याय करणारा आहे. नोमोडसेट ही आत शिरण्याची वाट आहे. शिरल्यावर योग्य ड्रायव्हर बसवून हा शब्द काढून टाकायचा असतो.

एन्व्हिडियाची चिप असलेल्या लॅपटॉपवर हे काम जास्त जिकिरीचे होते, आणि त्याला इतिहास आहे. कंपनीने आपल्या चिपची माहिती वर्षानुवर्षे बंद ठेवली. स्वयंसेवकांनी चिप कशी वागते ते बाहेरून न्याहाळून ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिला, पण ९०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांपासून कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय त्याला पूर्ण वेग गाठता येईना. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कंपनीवर जाहीर संताप व्यक्त केला. मे २०२२ मध्ये एन्व्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला. वरचा भाग अजूनही बंदच आहे. उबुंटूमध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून कंपनीचा ड्रायव्हर बसवता येतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने बसवणे नवशिक्याने टाळावे. तसा बसवलेला ड्रायव्हर कर्नलच्या पुढच्या अपडेटला मोडण्याची शक्यता फार. अपडेटनंतर स्क्रीन काळी झालीच, तर ग्रबमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडावा. तो मुद्दाम राखून ठेवलेला असतो.

फर्मवेअरमधली सिक्युअर बूट ही सही तपासणारी सोय चालू असेल तर मध्ये आणखी एक पायरी येते आणि अनेकांचा पाय तिथेच घसरतो. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते. रीस्टार्ट केल्यावर लॉगिनच्या आधी एक निळी स्क्रीन येते. विंडोजची निळी स्क्रीन पाहिलेला माणूस दचकतो आणि पहिल्याच पर्यायावर, म्हणजे ‘कंटिन्यू बूट’वर, एंटर मारतो. निवडायचा असतो ‘एन्रोल मॉक’ हा पर्याय. त्यात मघाचा पासवर्ड दिला की ड्रायव्हरवरची सही यंत्र मान्य करते. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते आणि संधी हुकली तर कर्नल ड्रायव्हरला आत घेत नाही. मग ड्रायव्हर बसवलेला दिसतो आणि चालत मात्र नाही. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘-के’ जोडून चालवले की कुठल्या चिपला कुठला ड्रायव्हर प्रत्यक्ष लागला आहे ते एका ओळीत कळते.

दोन चिप असलेल्या लॅपटॉपची गोष्ट सेमिनारच्या दिवशी उघडकीला येते. इंटेलची चिप रोजचे काम करते, त्यामुळे लॅपटॉपची स्क्रीन झकास असते. प्रोजेक्टर लावला की मात्र ‘नो सिग्नल’. गेमिंगच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे पोर्ट थेट एन्व्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. तिचा ड्रायव्हर नीट चालत नसेल तर दहा केबली बदलूनही उपयोग नाही. विद्यार्थ्याने प्रोजेक्टरची चाचणी आदल्या दिवशी घ्यावी.

कारखान्याच्या ऑफिसात चित्र येते, पण १०२४ बाय ७६८ वर अडते. मॉनिटरमध्ये स्वतःची माहिती सांगणारा किमान १२८ बाइटचा तुकडा असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. आपल्याला कोणती रिझोल्यूशन चालतात हे मॉनिटर त्यातून कळवतो. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून जाते. पिन वाकलेली असली, केबल स्वस्तातली असली, मध्ये स्प्लिटर किंवा एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर असला, तर ती पोचत नाही आणि लिनक्स सुरक्षित म्हणून लहान आकडा धरते. म्हणून आधी केबल बदलून पाहावी. तरीही जमले नाही तर ‘सीव्हीटी १९२० १०८०’ ही आज्ञा लागणारी आकड्यांची ओळ काढून देते आणि ‘एक्सरँडर’ने ती लागू करता येते. हा मार्ग फक्त एक्सवर चालतो. आता बहुतेक डेस्कटॉप एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर चालतात. फेडोरा या लिनक्स प्रणालीने २०१६ सालीच ते मुख्य केले आणि उबुंटूने २५.१० मध्ये ग्नोम या डेस्कटॉपचे एक्सवरचे सत्र काढूनच टाकले. तिथे कर्नलच्या ओळीत ‘व्हिडिओ=’ या शब्दापुढे पोर्टचे नाव आणि रिझोल्यूशन लिहावे लागते. मॉनिटरऐवजी टीव्ही लावला आणि कडा कापल्या गेल्या, तर दोष टीव्हीच्या चित्र ताणण्याच्या सेटिंगचा असतो. ते टीव्हीच्या रिमोटनेच बंद करावे.

लॉगिनचे चक्र दिसायला डिस्प्लेचा बिघाड, प्रत्यक्षात बहुधा फाइलींचा. पासवर्ड घेतला जातो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि पुन्हा लॉगिन. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबावे. साधी अक्षरी स्क्रीन येते. तिथे आत शिरता आले तर प्रणाली शाबूत आहे. ‘डीएफ -एच’ लिहून जागा पाहावी. ड्युअल बूट करताना लिनक्सला हात आखडून जागा दिलेली असते, ती भरली की डेस्कटॉपला तात्पुरती फाइलही लिहिता येत नाही. दुसरे कारण म्हणजे घरफोल्डरातली ‘.एक्सऑथॉरिटी’ ही फाइल रूट या प्रशासक खात्याच्या नावावर गेलेली असणे. ‘सुडो’ लावून ग्राफिक्स सुरू करण्याचा प्रयत्न कधी केला असेल तर हे होते.

कारखान्यांच्या या पट्ट्यात जुन्या मिलिंग यंत्राला लिनक्ससीएनसी ही यंत्र चालवणारी प्रणाली जोडायचे कुणाच्या मनात असेल, तर त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर आणखी जपून निवडावा. तिथे ड्रायव्हरच्या खोळंब्यामुळे मोटरला जाणारे ठोके चुकू शकतात. या प्रणालीची लेटन्सी चाचणी चालू असताना खिडक्या मुद्दाम इकडेतिकडे ओढायच्या असतात, ते त्यासाठीच. सॉफ्टवेअरने ठोके काढायचे असतील तर १५ ते २० मायक्रोसेकंदांपर्यंतचे चढउतार उत्तम मानले जातात.

मराठी अक्षरांचा भाग वेगळा, आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरवलेले. सप्टेंबर २०११ मध्ये ते अधिक मोकळ्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. मराठी संकेतस्थळावर अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर लोहित किंवा नोटोचे देवनागरी फॉन्ट बसवले की काम होते. पण ऑफिसातली जुनी मराठी पत्रे उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर त्यावर ड्रायव्हरचा किंवा लोहितचा उपाय नाही. ती पत्रे युनिकोडपूर्व काळातल्या श्रीलिपीसारख्या पद्धतीत टाइप केलेली असतात. श्रीलिपीही मॉड्युलरचीच. त्यांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि मूळ फॉन्ट नसला की खालचे रोमन वर येते. कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालून मगच जुना संगणक पुसावा.