तुळईचा बाक

आमचं सोलापूरकडचं घर माळवदाचं होतं. छतावरची माती पावसात भिजली की जड होते. म्हणून मृगाच्या आधी अब्बा तुळईच्या खालच्या कडेलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणत आणि मध्यावर तुळई सुतळीच्या किती खाली आली आहे, ते बोटांनी मोजत. एका वर्षी एका बोटाची दोन बोटं झाली. दादीनं घाबरून विचारलं, मोडली का? अब्बा म्हणाले, मोडली नाही, सांगतेय. दुसऱ्या दिवशी मधोमध बाभळीचा टेकू उभा राहिला.

मी कविता करणारा, बी. ए. झालेला माणूस. या सुतळीमागे मोठा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

दोन टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईच्या मध्यावर ओझं ठेवलं, तर सर्वांत जास्त बाक मध्यावर येतो. टोकं जराही खाली येत नाहीत; पण तुळईचा उतार सर्वांत जास्त असतो तो टोकांशीच. मध्यावर बाक पुरा, उतार मात्र शून्य! लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच ओझ्यानं बाक दुप्पट नव्हे, आठपट होतो. अब्बांच्या टेकूनं लांबी निम्मी केली होती. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात तुळई केव्हा मोडेल याचा विचार केला. ती किती वाकेल, याचं गणित अठराव्या शतकात डॅनियल बर्नोली आणि ऑयलर यांनी मांडलं.

पण ओझं एका जागी न थांबता धावू लागलं तर? हा प्रश्न आगगाडीनं आणला. इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी बिडाच्या तुळयांचा पूल बांधला होता. एकेक गाळा सुमारे ९८ फुटांचा. २४ मे १८४७ रोजी, इंजिनातल्या निखाऱ्यांनी लाकडी तळ पेटू नये म्हणून त्यावर जादा खडी पसरली गेली. संध्याकाळी गाडी आली. इंजिन पलीकडे पोचलं, मागचे डबे नदीत कोसळले. ५ माणसं गेली.

बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही. आणि वाकलेल्या तुळईची खालची कड ताणाखालीच असते. लाकूड वाकून आधी सूचना देतं. बीड फारसं न वाकता एकाएकी तुटतं.

त्याच वर्षी सरकारनं चौकशी आयोग नेमला. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस त्यात होते. लहान बिडाच्या पट्ट्यांवरून वजनदार गाडा वेगानं सोडून बाक मोजला गेला. उभ्या ओझ्याच्या मानानं तो दुपटीहून अधिक भरला. खऱ्या पुलांवर ही वाढ थोडीच निघाली. लहान आणि मोठ्या तुळईत इतका फरक का, हे गणितानं उलगडण्याचं काम जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्ये केलं.

हेच स्टीफन्सन पुढे आपल्या जी. आय. पी. रेल्वेचे सल्लागार अभियंता होते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हा डीचा धडा फक्त सहा वर्षांचा जुना होता.

आजही पुलाची भारचाचणी घेताना ओझं ठेवून बाक मोजतात, आणि ओझं उतरवल्यावर पूल किती परत वर आला, तेही पाहतात. पूल वाकला म्हणून कुणी त्याला नापास करत नाही. तो ठरल्यापेक्षा जास्त वाकला, किंवा वाकलेलाच राहिला, तर मात्र रात्रीची झोप उडते.

आमचं ते घर आता नाही. पण कुठल्याही पुलावर गाडी चढली, की माझे डोळे अजून सुतळी शोधतात.