विश्रांतीपासून पावलांपर्यंत : जुनाट फुप्फुसविकार, चालणे आणि भ्रमणध्वनी

जुनाट फुप्फुसविकाराच्या रोग्याने चालावे काय, हा प्रश्न आता वैद्यकापुढे उरलेला नाही. त्याने चालावयाचेच आहे; आणि त्याच्या चालण्याची मोजदाद ठेवून त्याला उत्तेजन देण्याचे काम भ्रमणध्वनीकडे सोपविण्याचे प्रयोग सुरू आहेत. हे सारे यंत्राचेच कर्तृत्व मानण्याकडे अनेकांचा कल दिसतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते मान्य होण्याजोगे नाही. यंत्र ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आले, तो प्रश्न यंत्रापूर्वीच सिद्ध झालेला होता.

वादाचा उगम क्षयचिकित्सेत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायलेशियातील ग्योर्बर्सडॉर्फ येथे ब्रेमर आपल्या रोग्यांना डोंगरउतारावर चालावयास लावी. त्याचाच शिष्य डेटवायलर याने फाल्केन्श्टाइन येथे नेमका उलट मार्ग धरला व रोग्यांना उघड्या सज्जात तासन्‌तास निजवून ठेवले. पुढे इंग्लंडात १९०५ साली सुरू झालेल्या फ्रिम्ली येथील आरोग्यधामात पॅटरसनने आधी चालणे, मग टोपल्या वाहणे, मग फावडे चालविणे अशी श्रमाची चढती श्रेणी लावून दिली. तरीही एकंदरीत सरशी झाली ती शय्येचीच. औषधे हाती आल्यावर १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होतात असे दाखविले, तेव्हा सक्तीच्या विश्रांतीचा आधार ढासळला.

श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेल्या रोग्याची गोष्ट निराळी होती. त्याला विश्रांती वैद्याने सांगावी लागत नसे. धापच ती सांगे. धापेच्या भयाने तो हालचाल टाळतो, त्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात, दुबळे स्नायू थोड्या श्रमातच दुग्धाम्ल निर्माण करतात आणि धाप अधिकच वाढते. अमेरिकेत बॅराक याने १९५२ सालीच प्राणवायूच्या आधाराने अशा रोग्यांना चालविण्याचा पुरस्कार केला होता. परंतु व्यायामाने दुग्धाम्ल व श्वसनाचा भार प्रत्यक्ष घटतो, हे कासाबुरी व सहकाऱ्यांनी दाखवीपर्यंत १९९१ साल उजाडले. एवढा विलंब का झाला, याचा स्वतंत्र शोध घेण्यासारखा आहे.

दरम्यान मोजमापाची साधने तयार होत होती. १९७६ साली बारा मिनिटांची चालचाचणी आली. १९८२ साली सहा मिनिटेही पुरेशी ठरली. १९९२ साली ध्वनिफितीवरील ठोक्यांबरोबर पावले टाकीत वेग वाढवीत नेण्याची चाचणी आली. या सर्व चाचण्यांचे स्थान म्हणजे रुग्णालयाचा व्हरांडा. २००५ साली पिट्टा व सहकाऱ्यांनी रोग्यांच्या अंगावर मापक बांधून त्यांचा घरचा दिवस मोजला. रोगी दिवसाकाठी सरासरी ४४ मिनिटे चालत होते, तर निरोगी वृद्ध ८१ मिनिटे. रोग्याला किती चालता येते आणि तो प्रत्यक्षात किती चालतो, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे उघड झाले. आणि दुसरी गोष्ट व्हरांड्यात बदलता येण्यासारखी नव्हती.

तैवानमधील २००८ सालचा प्रयोग याच जागी येऊन भिडतो. ४८ रोग्यांपैकी निम्म्यांना भ्रमणध्वनीवरील संगीताच्या लयीत घरी चालावयास सांगितले होते. लय प्रत्येकाच्या चाचणीतील वेगावरून ठरविली जाई. चाचणीतील ठोकाच जणू गाणे होऊन घरी गेला! युरोपातील सहा केंद्रांत ३४३ रोग्यांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लयीऐवजी पावलांचे लक्ष्य होते. बारा आठवड्यांनंतर दोन गटांत दिवसाला सुमारे चौदाशे पावलांचा फरक पडला. या पद्धतीला कर्त्यांनी ‘अर्धस्वयंचलित’ म्हटले आहे, याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते : जो रोगी मागे पडे, त्याच्याशी माणूसच बोले.

आपल्याकडे या मापनाची निराळीच परीक्षा होईल. पुण्याचे साळवी व लंडनचे बार्न्स यांनी २००९ साली दाखविल्याप्रमाणे धूम्रपान न करणाऱ्यांतही हा विकार मोठा असून चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. चुलीपुढे बसणारी स्त्री पाण्याचा हंडा घेऊन चढण चढते, तेव्हा पावले मोजली जातात, हंड्याचे वजन मोजले जात नाही. आणि घरातील भ्रमणध्वनी त्या वेळी बहुधा दुसऱ्याच कोणाच्या खिशात असतो.