एकच इसम, एकशे बारा बारशी

वर्तमानपत्रांतली कात्रणे फायलींत लावून ठेवण्याचा मला जुना नाद आहे. (घरच्या मंडळींच्या मते रोग.) फायली इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. सगळे सुरळीत चालले होते, पण लिबियाच्या कर्नल गद्दाफींनी घोळ केला. एका पेपरात त्यांचे नाव 'जी'ने सुरू व्हायचे, दुसऱ्यात 'के'ने, तिसऱ्यात 'क्यू'ने. एका माणसाच्या तीन फायली झाल्या आणि तिन्हींतले गृहस्थ एकमेकांना ओळखत नसावेत असे वाटू लागले. १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या शाळकरी पोरांना त्यांनी पत्रोत्तर धाडले. सही अरबीत, पण खाली इंग्रजीत टाइप केलेले नाव. चला, प्रश्न मिटला! कसला मिटतोय? २००९ साली एबीसी न्यूजने स्पेलिंगे मोजली, ती ११२ भरली.

खरे तर यात कर्नलसाहेबांचा दोष नव्हता. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने ते पदरचे घालायचे. 'महंमद' लिहायला चार अक्षरे पुरतात. मग साहेब म्हातही कधी 'ओ' घालतो, कधी 'यू'. शिवाय गद्दाफींचे पहिले अक्षर म्हणजे पार घशातून येणारा 'क', आणि लिबियात त्याचा 'ग' होतो. इजिप्तची तऱ्हा निराळी. कैरोत 'ज'चा 'ग' करतात, म्हणून नासर 'गमाल' झाले. दमास्कसला जन्मते तर 'जमाल' म्हणवले असते. आणि त्यांचे नाव नुसते 'नासर' नव्हेच, 'अब्दुल नासर'. म्हणजे विजय देणाऱ्या परमेश्वराचा दास. इंग्रजी पेपरांनी दासाला गाळले आणि परमेश्वराला अध्यक्ष केले! उलट कुणाला 'मिस्टर अब्दुल' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ होतो 'मिस्टर च्याचा दास'. कुणाच्या, ते विचारायचे नाही.

युरोपची ही खोड जुनी आहे. इब्न सीना हा थोर हकीम लॅटिनमध्ये 'अविसेना' झाला, तर इब्न रुश्दचा 'अवेरोस'. पण आपण तरी कुठे मागे होतो? जुन्या मराठी कागदांत आदिलशहाचा 'येदिलशहा' झाला आणि शाएस्ताखानाचा 'शास्ताखान'. त्याची बोटे पुढे तुटली, नाव आपण आधीच तोडले होते.

हे सारे मी हसत हसत सांगायचो, ते शेजारच्या चाचांचे पैसे अडकेपर्यंत. चाचा रत्नागिरीकडचे, वीस वर्षे कुवेतला राबलेले. नाव महंमद. पासपोर्टात 'ओ', कुवेतच्या कागदांवर 'यू', इथल्या बँकेत जागा पुरेना म्हणून आखडून 'मोहड'सारखे काहीतरी. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले आणि बँकेतले गृहस्थ म्हणाले, पैसे एकाचे आले आहेत, खाते दुसऱ्याचे आहे.

"भाऊ, अरबीत लिहून देऊ का?" चाचांनी मलाच विचारले. "तिथं मी एकटाच आहे."

शेवटी प्रतिज्ञापत्र करायचे ठरले. वरील तिन्ही इसम म्हणजे मीच, असे चाचांनी शपथेवर सांगितले. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाने ते खडाखड टाइप केले. साक्षीदार म्हणून मी. कागद हातात आला तेव्हा पाहिले, माझ्या कुलकर्णीत 'के'च्या जागी 'सी' पडला होता.

"दुरुस्त करायचे तर नवा स्टँपपेपर लागेल," टायपिस्ट म्हणाला.

चाचांच्या तोंडाकडे पाहिले आणि 'सी'च्या कुलकर्ण्यांतर्फे सही ठोकली.