स्फुटे, पत्रे आणि वाचकसमूह : अहमदनगर जिल्ह्यातील दोन नियतकालिके

मराठी नियतकालिकांचा इतिहास हा बहुधा संपादकांच्या चरित्रांचा आणि अग्रलेखांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हे एका दृष्टीने स्वाभाविक होय. अग्रलेखास मताचे वजन असते, त्याचा कर्ता ठाऊक असतो, आणि पुढेमागे त्याचा ग्रंथही होतो. परंतु एखाद्या पत्राभोवती माणसे कशी जमतात, वर्गणी भरणारा इसम त्या पत्राला ‘आपले’ केव्हा म्हणू लागतो, या प्रश्नाचे उत्तर अग्रलेखात सहसा सापडत नाही. त्यासाठी अंकाच्या मागील पानांकडे वळावे लागते. तेथे बारीक टाइपात छापलेली स्फुटे असतात, गावोगावच्या चार ओळींच्या वार्ता असतात, वाचकांचे प्रश्न, तक्रारी आणि देणग्यांची पोच असते. हे लेखन क्षणजीवी समजले जाते व म्हणूनच अभ्यासकांकडून उपेक्षिले जाते.

अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. या जिल्ह्यात दोन अशी पत्रे निघाली की, ज्यांच्या जन्मामध्ये अडुसष्ट वर्षांचे अंतर आहे आणि ज्यांची प्रकृती परस्परांहून अगदी भिन्न आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली परदेशी मिशनऱ्यांनी नगर शहरात काढले. ‘दीनमित्र’ १९१० साली एका सत्यशोधक पाटलाने खेड्यातून काढले. तथापि दोघांनाही एकाच अडचणीस तोंड द्यावे लागले. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे, ते लोक विखुरलेले, बहुतांशी निरक्षर, आणि आपल्याच गावात एकाकी पडलेले होते.

अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरास १८३१ च्या अखेरीस स्थापन झाले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, जून १८४२ मध्ये, हेन्री बॅलन्टाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’ निघू लागले. त्या वेळी मराठीत नियतकालिकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघून काही वर्षांनी बंद पडले होते. ‘दिग्दर्शन’ व ‘मुंबई अखबार’ १८४० मधील. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ १८४१ मधील. ही सर्व मुंबईची. घाटावरच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून मराठी पत्र निघावे, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती, आणि ती फार दिवस टिकलीही नाही. काही वर्षांतच ‘ज्ञानोदया’चे मुद्रण व प्रकाशन मुंबईस गेले. मिशनच्या छापखान्याची सोय तेथे होती, एवढेच त्याचे कारण पुरेसे आहे.

‘ज्ञानोदया’चा उद्देश धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचा प्रयत्न त्याच्या चालकांनी केला नाही. परंतु पत्र चालवावयाचे म्हणजे वाद चालवावयाचा, आणि वाद चालवावयाचा म्हणजे प्रतिपक्षाची पत्रे छापावयाची, हा वृत्तपत्राचा धर्म त्यांना पाळावा लागला. १८४४ मध्ये मोरभट दांडेकरांनी मिशनऱ्यांच्या खंडनार्थ ‘उपदेशचंद्रिका’ काढली, त्यावरून या वादाचा वेग ध्यानात येतो. लहान पत्राचे सामर्थ्य त्या दशकात इतरांनीही ओळखले होते. लोकहितवादींनी ‘प्रभाकरा’त १८४८ पासून जी शंभरावर पत्रे लिहिली, ती जर एका प्रबंधात गुंफली असती, तर त्यांस एवढे वाचक मिळाले असते की काय, याची शंकाच आहे. एका विषयास एक पत्र, एका बैठकीत वाचून संपणारे, आणि वाचून संपताच ज्यावर चार माणसांत बोलता येईल असे, ही त्या लेखनाची रचना होती.

मात्र लोकहितवादी हे सरकारी हुद्देदार आणि विद्वान होते. ज्यास कोणतेही अधिष्ठान नाही, अशा व्यक्तीस छापील पानावर जागा मिळणे ही निराळी घटना होय. तिचे सर्वांत ठळक उदाहरण ‘ज्ञानोदया’नेच घडविले. १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ताबाई नावाच्या मांग जातीच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. ती पुण्यातील फुले यांच्या शाळेत शिकत होती. जोतीराव फुले यांनी स्वतः मुलींची शाळा काढण्यापूर्वी नगर येथील मिस सिंथिया फेरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या, हे येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. नगरच्या शाळा पाहून पुण्यात शाळा निघाली, आणि त्या शाळेतील मुलीचे लेखन नगरास जन्मलेल्या पत्रात छापून आले. संपादकांनी तिचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगितले असते, तर ती मिशनरी अहवालातील आणखी एक करुण कथा झाली असती. तिच्या नावाने ते छापले गेले, यात सर्व अंतर आहे. मुक्ताबाईंच्या इतर लेखनाचा मागमूस लागत नाही. ‘ज्ञानोदया’चे ते दोन अंक नसते, तर हे नावही इतिहासास अज्ञात राहिले असते.

नारायण वामन टिळक १९१२ पासून १९१९ मध्ये निधन होईपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते, आणि नगरच्या ख्रिस्ती समाजाशी त्यांचे नाते जुने होते. त्यांनी अभंगासारख्या लहान, पाठ होणाऱ्या रचनेस ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. महाराष्ट्रात समूह बांधण्याचे याहून जुने साधन नाही. पण टिळकांचा विषय स्वतंत्र आहे. प्रस्तुत विवेचनास त्यांच्या समकालीन असलेल्या दुसऱ्या पत्राकडे वळणे अगत्याचे आहे.

त्यापूर्वी एका यांत्रिक बदलाची नोंद केली पाहिजे. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. (त्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारास तो करणे भाग पडले. एका वर्षाच्या या दोन गोष्टींपैकी कायद्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, कार्डावर फारसे नाही.) कार्डावर जागा थोडी, म्हणून मायना व अलंकार यांस फाटा द्यावा लागे, ते उघडे, म्हणून वाटेत कोणीही वाचावे, आणि ते इतके स्वस्त, की ज्याने आयुष्यात कधी लिफाफा विकत घेतला नाही, त्यासही एखाद्या लिहित्या माणसाकडून चार ओळी लिहवून घेऊन संपादकास धाडता येत. १८७७ पासून व्हॅल्यू पेएबल व १८८० पासून टपालखात्याची मनिऑर्डर आली. खेड्यात बसून पत्र चालविणे शक्य झाले, ते या सामग्रीच्या बळावर. १९२२ मध्ये कार्डाची किंमत दुप्पट होऊन अर्धा आणा झाली आणि १९३१ मध्ये पाऊण आणा. हे आकडे वाचकांच्या पत्रव्यवहाराचा अभ्यास करणाराने विसरता कामा नये.

‘दीनमित्र’ हे नाव नवे नव्हते. या नावाचे मासिक १८८८ मध्ये गणपतराव सखाराम पाटील यांनी काढले होते. त्याही मागे कृष्णराव भालेकर यांचे ‘दीनबंधू’ होते. ते १८७७ च्या जानेवारीत पुण्यास सुरू झाले, आणि पैशाच्या ओढीमुळे भालेकरांच्या हातून सुटून पुढे मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविले. कृष्णरावांचे पुत्र मुकुंदराव (१८८५–१९६७) हे नेवासे तालुक्यातील तरवडी येथे पाटील घराण्यात दत्तक गेले. वडिलांचे निधन १९१० मध्ये झाले, आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी मुकुंदरावांनी साप्ताहिक ‘दीनमित्र’ सुरू केले. ते प्रथम सोमठाणे येथून व पुढे तरवडीहून निघे. खेड्यातच राहून, तेथेच छापखाना चालवून, हे पत्र त्यांनी १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारे छप्पन्न वर्षे काढले. ‘दीनबंधू’च्या अनुभवानंतर पुत्राने शहराचा मार्ग धरला नाही, ही गोष्ट केवळ घरगुती सोयीची मानता येणार नाही.

‘दीनमित्रा’चा वाचक कोण होता, हे समजण्यासाठी त्याची सामाजिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. ब्राह्मण पुरोहितावाचून लग्न लावण्याचा पहिला प्रसंग त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरचा. पुण्यासारख्या ठिकाणी अशा कार्यास चार मित्र पाठीशी असत. पण एखाद्या खेड्यातील कुणब्याने वा माळ्याने आपल्या मुलीचे लग्न पुरोहितावाचून लावावयाचे ठरविले, तर त्याला गावातील जोशी, कुलकर्णी, सावकार आणि बहुधा स्वतःचे भाऊबंद या सर्वांचा रोष पत्करावा लागे. नगर जिल्ह्याच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे १८८४ मध्ये अशा लग्नांवरून जोश्यांनी दक्षिणेच्या हक्काचा दावा लावला, आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रत्येक घर न्यायालयापर्यंत पोहोचत नसे. पाणवठ्यावर आणि सोयरिकीत जे भोगावे लागे, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

अशा घरास ‘दीनमित्रा’तील चार ओळींची वार्ता म्हणजे काय होती? अमुक गावी, अमुक याच्या घरी, अमुक याने विधी चालविला, आणि कार्य यथासांग पार पडले, एवढाच तिचा मजकूर. वाङ्मय म्हणून तिची किंमत शून्य. परंतु ती छापून आली की गावात एकटे पडलेले ते घर पन्नास कोसांवरील दुसऱ्या घरास माहीत होई. मुहूर्त न पाहता लग्न लावूनही अनर्थ झाला नाही, हा पुरावा तर्काने देता येत नव्हता. तो उदाहरणांनी, एकामागून एक, आठवड्यामागून आठवडा द्यावा लागत होता. जोतीरावांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’ने विधी सांगितला, तो विधी आपल्यासारख्या माणसांनी केला, हे साप्ताहिकाच्या वार्तांनी सांगितले. १९११ साली पुण्यास सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि पुढे अशा परिषदा ठिकठिकाणी भरू लागल्या. तेथे जमणाऱ्या माणसांपैकी अनेकांनी एकमेकांची नावे अगोदर छापील पानावर वाचली असतील, असे अनुमान करण्यास जागा आहे.

मुकुंदरावांचे स्वतःचे लेखनही याच प्रमाणात कापलेले होते. ‘आसुडाचे फटके’ या त्यांच्या सदराच्या नावातच ‘शेतकऱ्याचा असूड’ या फुले यांच्या ग्रंथाचे स्मरण आहे. पण असूड हा ग्रंथ आहे आणि फटका हा फटका. चिमटा घेणारे, ग्रामीण बोलीचा तिखटपणा जपणारे स्फुट हे त्यांचे खरे हत्यार होते. ‘कुलकर्णी लीलामृत’ (१९१३) या काव्यात त्यांनी पोथीचा घाट उचलून गावकामगाराच्या लीला गाइल्या. हा घाट निवडण्यामागील चातुर्य उघड आहे. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे महाराष्ट्र मानतो, त्या तालुक्यातील शेतकरी ओवी कानांनी वाचत आला होता. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात साक्षरतेचे प्रमाण शेकडा सहाच्या आतच होते; खेड्यातील शेतकरीवर्गात ते याहूनही कमी असणार. पत्राचा एक अंक म्हणजे एक वाचक, हे शहरी गणित येथे लागू पडत नाही. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, हीच रीत होती, व मोठ्याने वाचण्यास लांबलचक प्रबंधापेक्षा फटका, ओवी आणि वार्ता अधिक सोयीची. सत्यशोधक जलशांनी तीच गोष्ट डफावर नेली.

येथे एक अडचण राहते, आणि ती लहानसहान नाही. वाचून दाखविणारा कोण? पुष्कळ गावांत लिहिणे-वाचणे ही कुलकर्ण्याची जवळजवळ मिरासी होती. खत तोच लिही, नोटीस तोच वाची. कुलकर्ण्यावर टीका करणारे पत्र कुलकर्ण्याकडून वाचवून घेणे शक्य नव्हते. म्हणजे ‘दीनमित्र’ ज्या गावात गेले, तेथे त्याला आपला वाचणारा अगोदर निर्माण करावा लागला. तो कधी शाळेत चार इयत्ता शिकलेला मुलगा असे, कधी बहुजन समाजातील शिक्षक. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा जे काम राजाज्ञेने झाले, त्याचा एक कोपरा ब्रिटिश मुलखातील खेड्यांत हा पोरसवदा वाचक आपल्या परीने करीत होता.

या लहान लेखनाचे दोषही त्याच्या गुणांतूनच निघाले. फटक्याला टाळी मिळते, आणि टाळीची सवय लागली की प्रतिपक्षातील बऱ्या माणसास वगळून बोलण्याचे भान सुटते. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ (१९२५) या पुस्तिकेवरून जो खटला झाला, तो या शैलीचा उत्कलनबिंदू म्हणता येईल. ‘ज्ञानोदय’ व त्याचे प्रतिपक्षी निदान एकमेकांस उत्तरे देत होते. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या तापलेल्या वर्षांत दोन्हीकडची पत्रे पुष्कळ वेळा आपल्याच वाचकांशी बोलत राहिली. शिवाय वार्तेत घराच्या कर्त्या पुरुषाचे नाव येई. ज्या स्त्रीस पाणवठ्यावर सर्वांत आधी बोल ऐकावे लागत, तिचे क्वचितच येई. मुक्ताबाईंच्या निबंधानंतर साठ वर्षांनीही ही स्थिती होती. १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये गेले, चळवळीची अनेक पत्रे बंद पडली, आणि ‘दीनमित्र’ तरवडीहून निघतच राहिले. प्रवरेच्या काठी लोणीस सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, तेव्हाही ते निघत होते. जुन्या वर्गणीदारांची ती सवय झाली होती, की दुसरीकडे कोठे त्यांची नावे छापली जात नव्हती, हे वर्गणीच्या हिशेबांवरून पाहण्यासारखे आहे.

मुकुंदरावांचे ग्रंथ पुन्हा छापले जातात. तरवडीस त्यांचे स्मारकही उभे आहे. छापखान्यात मजकूर जुळवून झाला की वाचकांची कार्डे टाकून देण्याचीच सर्वत्र रीत होती. त्यामुळे ज्या हातांनी त्या वार्ता लिहिल्या, त्यांचे अक्षर हाती येणे कठीण. त्यांची नावे व गावे तेवढी शेवटच्या पानांवर, बारीक टाइपात, अंकामागून अंक उतरून घेण्यासाठी पडून आहेत.