केन्सिंग्टनचे गरीब आणि यूलचं समीकरण

दहा वर्षांत केन्सिंग्टनचे गरीब गेले कुठे? लंडनच्या या भागात ‘पुअर लॉ’खाली सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण १८७१ साली १०० धरलं, तर १८८१ साली ते २७ वर आलं होतं. ही घट नेमकी कशाने झाली हे जॉर्ज उडनी यूल या तरुण संख्याशास्त्रज्ञाने १८९९ साली गणित मांडून सांगितलं, आणि एका गोष्टीतला बदल इतर गोष्टींतल्या बदलांशी आकड्यांत जोडणाऱ्या ‘रिग्रेशन’ या रीतीने सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासात पाय ठेवला.

भांडण तसं जुनं होतं. १८३४ च्या पुअर लॉ कायद्याचा रोख असा, की मदत हवी तर वर्कहाउसात, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात येऊन राहा, आणि तिथलं जिणं बाहेरच्या हलाखीतल्या मजुरापेक्षाही नकोसं असू द्या. तरी म्हाताऱ्यांना, विधवांना घरबसल्या थोडंफार मिळत राहिलं. १८७० च्या सुमारास या घरपोच मदतीला कात्री लागली. अशा मदतीनेच गरिबांची संख्या फुगते, असं कात्री लावणाऱ्यांचं म्हणणं. १८९४ साली गरिबीचे अभ्यासक चार्ल्स बूथने वृद्ध गरिबांवर पुस्तक लिहिलं आणि असा काही संबंध दिसत नाही असं सांगितलं. यूलला ते पटेना.

यूलचे वडील हिंदुस्थानात मुलकी अधिकारी होते, तर काका हेन्री यूल हे ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाचे एक कर्ते. पुतण्या मात्र संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या हाताखाली आकड्यांत रमला. शास्त्रज्ञ गाल्टनने आईबाप आणि मुलांच्या उंचीसाठी वापरलेली रिग्रेशनची कल्पना आणि गणिती लजांद्रने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांसाठी छापलेली किमान वर्गांची रीत, या दोन्हींची त्याने सांगड घातली.

लंडनच्या ३२ युनियनांसाठी, म्हणजे पुअर लॉचा कारभार पाहणाऱ्या विभागांसाठी, त्याने काढलेलं सूत्र केन्सिंग्टनला लावून पाहू. वर्कहाउसातल्या माणसांच्या तुलनेत घरपोच मदत घेणारे तिथे १०० वरून ५ वर आले, म्हणजे ९५ ची घट. तिला सूत्रातल्या ०.७५५ ने गुणलं की सुमारे ७२ ची घट येते. वृद्धांचं प्रमाण ४ ने वाढलं, त्याने जवळपास काहीच बदलत नाही. लोकसंख्या ३६ ने वाढली, तिने आणखी साडेअकरा कमी होतात. स्थिर पद १३.१९ मिळवलं की उत्तर येतं ७० ची घट. प्रत्यक्षात घटले ७३. संगणक नसलेल्या काळात हे थक्क करणारंच म्हणायचं.

पण हिशेबात खोच होती. ‘गरीब’ म्हणजे मदतीच्या यादीत नाव असलेला. घरपोच मदत बंद केली आणि म्हातारीने वर्कहाउसात जायला नकार दिला, तर यादीतलं नाव जातं, भूक तशीच राहते. यूलही बेसावध नव्हता. काटेकोर बोलायचं तर आपण कारण दाखवत नसून केवळ संबंध दाखवतो आहोत, हे त्याने सांगितलं, फक्त तळटीपेत!

१९१० साली अर्थशास्त्रज्ञ पिगूने दुसरीकडे बोट ठेवलं. जिथे कारभार चोख, तिथे घरपोच मदतही कमी आणि गरीबही कमी असू शकतात. आणि कारभाराची प्रत यूलच्या कोष्टकात नव्हतीच.

तोवर इंग्लंडमध्ये वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. बूथ ज्यासाठी झगडला, ती पेन्शन जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरिबांना मिळू लागली, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग. आधीपासून पुअर लॉची मदत घेणाऱ्यांना सुरुवातीला ती बंद होती. १९११ साली ती अट उठली आणि घरपोच मदतीच्या यादीतली सत्तरीपुढची नावं झपाट्याने गळाली. या खेपेला पैसे घरीच मिळत होते.