तळटीप : ‘फाजील आत्मविश्वास’
फाजील आत्मविश्वास : गरजेपेक्षा जास्त, म्हणून अंगाशी येणारा आत्मविश्वास. ‘फाजील’ हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. जुन्या जमाखर्चात तो जादा रकमेसाठी येई. पुढे बोलण्यात दोषाचाच सूर उरला : फाजील लाड, फाजील चौकशा. भोपाळच्या उर्दूत मात्र आलिम-फाजील म्हणजे विद्वान. त्यामुळे तिथल्या नेहरू नगरातील मराठी आजीने नातवाला ‘फाजीलपणा पुरे’ असे दटावले, तर शेजाऱ्यांना ती त्याच्या विद्वत्तेलाच आवर घालते आहे असे वाटावे (तेही अगदीच चूक नाही). ‘अतिआत्मविश्वास’ हा संस्कृत वळणाचा पर्याय वृत्तपत्रांना प्रिय, विशेषतः क्रिकेटमधल्या पराभवानंतर. लेखिकेने तो टाळला आहे. आम्हीही बदल केलेला नाही. — संपादक